बुडावरचे ओरखडे

पारख्यानं पेपरवेट उलटा केला आणि त्याच्या बुडाला भिंग लावलं. वरच्या काचेत फुललेला निळ्या-पांढऱ्या चकत्यांचा ताटवा त्यानं पाहिलाही नव्हता. तिला ते जरा लागलं. पाहुण्यानं घरात यावं आणि माणसांकडे न बघता आधी फरशी तपासावी, तसं.

"वरून सगळेच छान दिसतात," तो मान वर न करता म्हणाला. "खरं काय ते बूड सांगतं."

पेटीत असे एकतीस होते. एकेक मुठीएवढा, जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला. सगळे बाबांचे. बंदरावर आलेल्या मालाची खोकी उघडून तपासायची, ही त्यांची तीस वर्षांची नोकरी, आणि 'माझ्या नजरेतून काही सुटत नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. पगारातून वाचवून, लिलावांत उभं राहून, बोटीवरच्या माणसांशी घासाघीस करून त्यांनी हे जमवले होते. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. घर मुलाला, पेपरवेट बेबीला, असं मृत्युपत्रात पांढऱ्यावर काळं करून ठेवलेलं होतं. बेबी म्हणजे ती. वय वर्षं त्रेपन्न.

"घर म्हणजे काय, विटा," बाबा म्हणायचे. "तुला मी घरापेक्षा जास्त देतोय."

तिनं कधी मागितलं नव्हतं. बाबांना अर्धांगाचा पहिला झटका आला तेव्हा तिनं शाळेतली नोकरी सोडली, आणि मग अकरा वर्षं त्यांना भरवलं, आंघोळ घातली, रात्री दोनदा कुशीवर वळवलं. आता महिनाअखेरीला दादा, वहिनी, मुलगा आणि सून बाबांच्या घरात राहायला येणार होते. तिनं दोन खोल्यांची एक जागा बघून ठेवली होती. तिसरा मजला, पण स्वयंपाकाच्या ओट्यासमोर खिडकी. पंधरा दिवसांत विकत घेते, असं मालकिणीला सांगून आली होती.

पारख्यानं भिंग तिच्या हातात दिलं.

"बघा. काच शंभर-दीडशे वर्षं टेबलावर सरकत राहिली की बुडाला ओरखडे पडतात. पण कसे? वाटेल तसे. एक इकडे, एक तिकडे. आणि हे?"

तिनं डोळा लावला. बारीक रेघा दिसल्या, सगळ्या एकाच दिशेच्या, केस विंचरल्यासारख्या.

"पॉलिश पेपरवर घासलाय," तो म्हणाला. "म्हातारा दिसावा म्हणून."

"पण आत साल आहे," ती घाईनं म्हणाली. "त्या पांढऱ्या चकतीत, आकड्यात. बाबांनी दाखवलं होतं मला."

"आकडा काय, हवा तो घालता येतो. आपला जन्मदाखला आपणच लिहिल्यासारखं आहे ते."

त्यानं पडदा ओढला आणि एक जांभळा दिवा लावला. आधी त्यानं कपाटातला आपला एक जुना पेपरवेट त्याच्याखाली धरला. तो आतून मंद निळा उजळला. मग तिचा धरला. तो हिरवट पिवळा झाला, साचलेल्या पाण्यासारखा. दुसरा, तिसरा, चौथा. दर वेळी ती थोडी पुढे वाकायची आणि पुन्हा मागे टेकायची. तिसावा झाल्यावर त्यानं पडदा सरकवला. उन्हानं तिचे डोळे चुरचुरले.

"दोन बरे आहेत," तो म्हणाला. "जुने नाहीत, पण बनवणाऱ्याचा हात चांगला होता."

सगळ्यांचे मिळून किती येतील ते त्यानं सांगितलं. त्यात त्या दोन खोल्या विकत घेणं सोडाच, त्यांचं जेमतेम तीन महिन्यांचं भाडं निघालं असतं.

ती पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, बाबा हे कळायच्या आत गेले. फसवलं हो लोकांनी त्यांना. फार साधा माणूस."

बाबा साधे नव्हते. पण त्या क्षणी तिला ते तसे वाटले, आणि इतकी माया दाटून आली की तिला खाली बघावं लागलं.

पारखी शेवटचा पेपरवेट हातात घेऊन बसला होता. आत पिवळं फुलपाखरू, डावा पंख वितळून शरीराला चिकटलेला. त्यानं तो उन्हात धरला, खाली ठेवला, उठला आणि फडताळातून एक जाड वही काढली. बोटाला थुंकी लावून बराच वेळ पानं उलटली.

"हे फुलपाखरू मी पाहिलंय," तो म्हणाला. "ही बघा नोंद. एकतीस नग. आठ वर्षं झाली."

"नाही हो. हे कधी घराबाहेर गेलेच नाहीत."

"चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ. एक हात चालत नव्हता. बंदरावर होते म्हणाले." त्यानं वही तिच्याकडे फिरवली. "त्यांना मी हेच सांगितलं होतं, बाई. अक्षर माझंच आहे."

तिनं तारीख वाचली. पुन्हा वाचली. मृत्युपत्राखालची तारीख तिला पाठ होती. ती या तारखेच्या चार महिने नंतरची होती. आणि हा आठवडाही तिला पाठ होता. अकरा वर्षांत ती घराबाहेर झोपली ती फक्त आठ दिवस, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी. हे त्यातले दिवस.

"काय म्हणाले ते?" तिनं विचारलं.

"म्हणाले, घरी कुणाला सांगू नका. मी म्हटलं, मला काय पडलंय."

"एकटे आले होते?"

विचारतानाच तिला कळलं की तिनं मूर्खासारखा प्रश्न विचारला आहे. एकटे कसे येतील?

"मुलगा होता ना. खुर्ची ढकलत आणलं त्यानं. ही पेटीही त्यानंच उचलली होती." पारख्यानं वही मिटली. "तुमचे भाऊ का?"

तिनं एकेक पेपरवेट पुन्हा चादरीच्या तुकड्यात गुंडाळायला घेतला. हात सराईतपणे चालले होते. ती ऑपरेशनहून घरी आल्यावर बाबांनी दुपारी पेपरवेट मागणं बंद केलं होतं. त्याआधी रोज एक लागायचा. मांडीवर घेऊन, चालत्या हातानं फिरवत, ते तिला त्याची कुळकथा सांगायचे. नजर गेली असेल, असं तिला वाटलं. तिनं दोनदा चष्मा बदलून आणला. दोन्ही वेळा त्यांनी निमूटपणे घालून बघितला होता आणि म्हणाले होते, "आता बरं दिसतंय." आणि तरी पेपरवेट मागितला नव्हता.

ती पर्स उघडू लागली तशी पारख्यानं हात आडवा केला.

"राहू द्या. एकाच कामाचे दोनदा कुठे घेऊ?"

बसमध्ये तिनं पेटी मांडीवर घेतली. शेजारच्या बाईनं विचारलं, "जड आहे का हो? खाली ठेवा की." तिनं मान हलवली. तीन थांब्यांनंतर पायाला मुंग्या आल्या, तरी ठेवली नाही.

घराचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत दादा स्टुलावर उभा राहून खिडकीची मापं घेत होता. कानामागे पेन्सिल, हातात मोजपट्टी. बाबांची कॉट त्यानं भिंतीला उभी करून ठेवली होती. तिच्याकडे बघून तो हसला.

"आलीस? केवढं ऊन आहे. पाणी पी आधी."

ती पाणी प्यायली. पेटी टेबलावर ठेवली. पारखी काय म्हणाला असं तो विचारेल, म्हणून ती उभी राहिली. सकाळी तिनंच त्याला फोनवर सांगितलं होतं, पारख्याकडे जातेय. तेव्हा तो "बरं" म्हणाला होता. आताही पेटी अगदी समोर होती, आणि तो पडद्यांबद्दल बोलत होता. सुनेला हिरवे हवेत. हिरव्यानं खोली काळवंडते, पण आजकाल ऐकतंय कोण?

"बेबी, हे टोक धर जरा. खाली, चौकटीला लाव."

ती वाकली. टोक चौकटीला लावून अंगठ्यानं दाबून धरलं. वर पट्टी ताणली गेली.

"एकशे बेचाळीस," तो म्हणाला.

"पारखी तुझी आठवण काढत होता," ती म्हणाली.

तिच्या अंगठ्याखालची ताणलेली पट्टी किंचित सैल पडली. तिनं वर बघितलं नाही. समोर त्याचे पाय होते, स्टुलावर जवळजवळ जुळवलेले, मोज्यातून एक बोट बाहेर आलेलं. लहानपणी त्याचे मोजे तीच शिवायची.

"एकशे बेचाळीस," तो पुन्हा म्हणाला. मग घसा खाकरला. "पडद्यांचं काय, नंतर लागले तरी चालतील. तू अजून पंधरा दिवस राहा. घाई नाही."

तिनं टोक सोडलं. पट्टी सरसर वर गेली.

"तिकडची खिडकी लहान आहे," ती म्हणाली, आणि तिकडे जाऊन, त्यानं स्टूल आणायची वाट बघत, चौकटीपाशी वाकून बसली.