उंबऱ्याशी अडलेलं पाऊल

गंगाधररावांच्या उजव्या कानामागे, केसांखाली, सुपारीएवढा उंचवटा होता. डोक्यात साचणारं पाणी नळीवाटे पोटात उतरवणारा तो व्हॉल्व्ह. किती पाणी सोडायचं, तो आकडा डॉक्टर बाहेरूनच, चुंबकाचं यंत्र टेकवून ठरवत. तो बसण्याआधीचं वर्ष गंगाधररावांना तुकड्यातुकड्यांनी आठवे. पाय जमिनीला चिकटत, मोरीपर्यंत पोचायच्या आत पायजमा ओला होई, आणि पोटचा पोरगा नील समोर उभा असला तरी त्याचं नाव सुचत नसे. लोक म्हणत, वय झालं. व्हॉल्व्ह बसला आणि ते पुन्हा रायपूरच्या तात्यापाऱ्यात एकटे हिंडू लागले.

यंदा खांदा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मेंदूच्या डॉक्टरांनी होकार दिला, पण बजावलंही: तुमचा व्हॉल्व्ह जुन्या धर्तीचा आहे, त्या मशीनच्या चुंबकानं आकडा हलू शकतो. स्कॅन झाला की थेट माझ्याकडे या.

पंडरीच्या सेंटरमध्ये स्कॅन झाला. बोगद्यात ठोके पडत असताना मन रमवायला त्यांनी सतराचा पाढा म्हणायला घेतला आणि मध्येच अडखळले. बाहेर आल्यावर कळलं की मेंदूच्या डॉक्टरांच्या घरी मयत झाली, ते गावी गेलेत, सोमवारी येतील. दवाखान्यातल्या माणसानं फोनवर सांगितलं, डोकं दुखत नाही, उलटी नाही, तर थांबायला हरकत नाही.

"बाबा, टेन्शन मत लो," नील म्हणाला. "सोमवार को सबसे पहले चलेंगे."

गंगाधररावांनी मान डोलावली आणि त्या घडीपासून स्वतःवर पहारा बसवला. अंगणातल्या फरशीच्या रेघेवरून चालून पाहत. ऑफिसातल्या जुन्या सोबत्यांची नावं मनात घोकत. शनिवार बरा गेला. रविवारी सकाळी अंघोळ करून येताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उजवं पाऊल उचलेना. उचल म्हटलं तरी ते ऐकेना, कुणी खालून धरून ठेवल्यासारखं. त्यांनी चौकट घट्ट धरली आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्याचं सोंग केलं. थोड्या वेळानं पाऊल सुटलं.

ते कुणाला बोलले नाहीत. व्हॉल्व्हआधीच्या त्या वर्षी बायकोनं, प्रमोदिनीबाईंनी, त्यांना लहान मुलासारखं न्हाऊमाखू घातलं होतं. पुन्हा तेच त्यांच्या पुढ्यात कसं टाकायचं? पण खरं भय वेगळंच होतं. त्या वर्षी त्यांना भीती अशी कधी वाटलीच नव्हती. खुर्चीत बसून ते शांतपणे भिंतीकडे बघत राहायचे. म्हणजे उद्या हे भयही विझेल, आणि आपण हरवलोय हे सांगायला आपल्या आत कुणी उरणार नाही. आज भीती वाटतेय तोवर आपण आहोत, असं म्हणून ते त्या भीतीलाच धरून बसले.

दुपारी मेथी निवडता निवडता प्रमोदिनीबाईंनी सहज विचारलं, मागच्या साली नागपूरला आपण लग्नाला गेलो, ती पोट्टी कोणाची? गंगाधररावांना मांडव आठवला, जेवणातली बासुंदी आठवली. नाव येईना. तेवढ्यात ध्यानात आलं की हा प्रश्न सहज नव्हता.

बाईंनी ताट खाली ठेवलं.

"सकाळी तुमचं पाऊल अडकलं होतं ना? मी पाह्यलं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

गंगाधररावांनी मेथीची जुडी बाजूला सारली. "मले भेव वाटून राह्यलं," ते म्हणाले.

"मलेही," असं म्हणून त्या उठल्या. "आता सोमवारची वाट पाहायची नाही."

त्यांनी दवाखान्याला पुन्हा फोन लावला आणि आकडा लावायचं ते यंत्र शहरात आणखी कुणाकडे आहे ते कळेपर्यंत फोन सोडला नाही. नवा रायपुरातल्या एका इस्पितळाचं नाव निघालं. नीलनं गाडी काढली. त्या रुंद, ओसाड रस्त्यावर गंगाधरराव येईल ती पाटी मोठ्यानं वाचत होते. वाचता येतंय तोवर ठीक, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. प्रमोदिनीबाईंनी त्यांचा हात धरला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कानामागे यंत्र टेकवलं. आकडा पार वर सरकला होता, आणि आकडा जितका वर तितकं पाणी कमी सुटतं. पाणी जवळपास तुंबलंच होतं. त्यांनी तो परत मूळ जागी आणला, एक्स-रे काढून खात्री केली आणि सांगितलं की गुण यायला काही दिवस लागतील. पुढे कधी स्कॅन लागला तर जिथं लगेच व्हॉल्व्ह तपासून मिळेल तिथंच करा, हेही बजावलं.

त्या संध्याकाळी पाय अडलाच. दुसऱ्या दिवशी पायजमाही ओला झाला आणि गंगाधरराव मोरीच्या दाराशी उभे राहून रडले. बाई धुतलेला पायजमा घेऊन आल्या.

मग एका सकाळी चहा पिताना ते एकदम म्हणाले, "कमलाची पोट्टी. तिचं लग्न होतं नागपूरला."

"हव," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

पाय आता सुटलेत. खांदा अजून दुखतो.