जाळीवरचा दुपट्टा

मुलांनो, जरा माझ्याबरोबर डोळे मिटा. एक लांब, पांढरी गाडी आहे. आत पलंग आहे, शेगडी आहे, खिडक्यांना पडदे आहेत, म्हणजे चाकांवरचं घरच. ती सिंगापुरात, चांगीच्या समुद्राकाठी, कार पार्कच्या तापलेल्या डांबरावर उभी आहे. दुपार कलली आहे, तरी झाडाचं पान हलत नाही. छतातला एसी गुरगुरतोय, पण त्याचा वारा बारीक बारीक होत चाललाय. पलंगावर शांताबाई निजल्या आहेत. आणि एसीखाली मान वर करून उभे आहेत ते त्यांचे यजमान, यादवराव.

यादवरावांनी नागपुरात जन्मभर कूलर दुरुस्त केले. कूलर म्हणजे पत्र्याची पेटी. तिच्या बाजूंना गवताच्या ताट्या, आणि ताट्यांवरून झिरपणारं पाणी. पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या गवतातून ओढतो, पाणी वाळतं आणि वाळता वाळता हवा गार करतं. उन्हाळ्यात लोक यादवरावांची वाट डॉक्टरसारखी बघत.

मुलगा धम्मानंद इंजिनिअर झाला आणि सिंगापूरला गेला. त्याच्या कॉन्डोत, म्हणजे उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, आल्यापासून यादवरावांच्या हातांना काही कामच नव्हतं. नळ गळला तर फोनवरून माणूस बोलावत. बल्ब बदलायला उठले तर सून प्रणिता हसून म्हणे, "बाबा, तुम्ही बसा." ते बसत. परत जायचे दिवस जवळ आले तेव्हा धम्मानंदनं हौसेनं ही गाडी भाड्यानं घेतली. आत्ता तो आणि प्रणिता हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवर, जेवण आणायला गेले होते. सकाळी फिरून शांताबाई थकल्या होत्या, म्हणून त्यांच्याजवळ यादवराव आणि नऊ वर्षांची नात दीप्ती थांबली होती.

"आजोबा, एसी नॉट वर्किंग लाह," दीप्ती तिथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. "डॅडीला फोन करू?"

"काहून? तुह्या बापाले टॉर्च धरायले मीच शिकवलं ना?"

ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा त्यांनी काढून ओट्यावर ठेवला आणि कामाला लागले. पंखा फिरत होता. यंत्राचा आवाज येत होता. म्हणजे कमी पडतंय ते पाणी. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा बेसिनमध्ये भिजवला आणि एसी जिथून हवा आत ओढतो त्या जाळीवर ताणून, कोपरे खोचून नीट बसवला. मग बाहेरची हवा यावी म्हणून पलंगाजवळची खिडकी उघडली. दोन थेंब मानेवर पडले, बरं वाटलं. खूप दिवसांनी त्यांचे हात ओले झाले होते.

पण सिंगापूरची हवा आधीच पाण्यानं जड असते. तिथं ओला कपडा वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार? आणि त्या यंत्राला श्वास घ्यायला तेवढी एकच जाळी होती.

वारा आणखी मंदावला. दीप्तीनं कपडा काढायला सांगितलं, त्याला ब्रीद करायला जागा नाही म्हणाली. यादवराव तिच्यावर कधी चिडत नसत. आज चिडले. ती आजीच्या पायाशी जाऊन बसली.

"अहो," शांताबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "मडकं भरलं काय?"

यादवरावांना हसू आलं. स्वप्नात नागपूरला गेली वाटतं. थोड्या वेळानं शांताबाईंनी विचारलं, धम्मा शाळेतून अजून आला कसा नाही. याही वेळी ते हसले, पण हसू पुरतं उमटलं नाही. त्यांनी बायकोच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. त्यांना हायसं वाटलं. नागपूरच्या उन्हात कोणाच्या कपाळावर घाम टिकतो?

"आजोबा," दीप्ती हळूच म्हणाली, "तुम्ही स्वेटिंग. मी पण स्वेटिंग. आजी नाही."

यादवरावांनी आपल्या भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्या कोरड्या कपाळाकडे. हात परत टेकवला तेव्हा तव्याला लागल्यासारखा मागे आला. वरचं यंत्र अजून गुरगुरत होतं आणि वारा मात्र पार थांबला होता. त्यांनी दुपट्टा ओढून काढला, जाळी उचकटली. आत पांढराशुभ्र बर्फ साचला होता. सगळा गारवा तिथंच गोठून बसला होता आणि खाली त्यांची शांता भाजत होती.

"लाव फोन," ते म्हणाले.

पुढचं सगळं दीप्तीनं केलं. धम्मानंदनं सांगितलं तसं थंड करणारं बटण बंद करून नुसता पंखा ठेवला. त्यानं तिकडून अॅम्ब्युलन्स बोलावली आणि पळत निघाला. यादवराव बोटांनी बर्फ खरवडत राहिले, नात तो दुपट्ट्यात गुंडाळून आजीच्या मानेला, काखेत लावत राहिली. शांताबाईंनी एकदा डोळे उघडले. त्या यादवरावांकडे बघत होत्या, पण ओळखल्याचं काही दिसलं नाही.

अॅम्ब्युलन्सच्या बाईनं विचारलं, त्या अशा कधीपासून आहेत? दीप्तीनं तो प्रश्न मराठीत सांगितला आणि आजोबांकडे बघितलं.

"सांग त्याहिले," यादवराव म्हणाले. "म्या तो कपडा लावला, तवापासून. माह्याच हातानं."

दीप्ती त्या बाईकडे वळली. तिनं तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. धम्मानंद धापा टाकत शेजारी येऊन उभा होता. त्यानं ऐकलं, वडिलांच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि आईबरोबर आत चढला. दारं लागली. प्रणिता मागून टॅक्सी बघायला रस्त्याकडे धावली.

गाडीतला उरलेला बर्फ आता टपटप वितळत होता. पंख्याचा वारा त्यावरून येऊ लागला, चांगला गार, आणि रिकाम्या पलंगावरची चादर हलवू लागला. यादवराव दारातून ते बघत राहिले. आत मात्र गेले नाहीत. डांबराच्या कडेला, ऐन उन्हात जाऊन बसले. दीप्तीनं त्यांना सावलीत चला म्हटलं. ते हलले नाहीत.

तेव्हा ती आत गेली. पलंगाखाली पडलेला दुपट्टा तिनं उचलला, घट्ट पिळला आणि बाहेर येऊन दोन्ही हातांनी आजोबांच्या डोक्यावर ताणून धरला. थोड्या वेळानं तिचे हात भरून आले. तिनं ते खाली घेतले नाहीत.