सांधेबाबांची बादली

सांधेबाबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या फळीवर माझा धाकटा भाऊ पालथा पडलेला, निखळलेल्या खांद्याचा हात खाली लोंबतोय, मनगटाला मंतरलेल्या पाण्याची बादली. बाबा डोळे मिटून पुटपुटत होते. वीसेक मिनिटांनी खट् झालं आणि खांदा जागेवर बसला. लोकांनी हात जोडले, दोघीतिघींनी डोळेही पुसले.

"सातव्यांदा बसवला," बाबांचा चेला छाती फुगवून म्हणाला.

मी कपडे शिवते. एकच शिवण सात वेळा उसवली तर गिऱ्हाईक माझ्या पाया पडत नाही, चारचौघांत अब्रू काढतं. पण इथे बोलायची सोय नव्हती. डॉक्टरची पायरी चढलात तर ऊर्जा आटेल, असं बाबांनी बजावलेलं. भाऊ रंगारी, दिवसभर शिडीवर. पहिल्यांदा खांदा निखळला तो पडल्यामुळे, सातव्यांदा नुसता शर्ट काढताना. शिडीवर निखळला तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता.

आठव्यांदा निखळला तो माझ्याच दुकानात, वरच्या फळीवरचं कापड काढताना. बाबा परगावी गेलेले. भाऊ घामाने निथळत म्हणाला, "ताई, आता कसं गं?"

म्हटलं, बादलीत देव आहे की नुसतं वजन, बघूच. त्याला कापड बेतायच्या टेबलावर पालथा झोपवला आणि मनगटाला पट्टी गुंडाळून गार इस्त्री टांगली. मंत्र काही येत नव्हता, म्हणून शिवायच्या राहिलेल्या कपड्यांची यादी मोठ्याने वाचली. अठराव्या मिनिटाला खट्. भावाने धड हाताने इस्त्री उचलून उलटीसुलटी करून बघितली. दुसऱ्या दिवशी मुकाट डॉक्टरांकडे आला.

डॉक्टरबाईंनी आधी मलाच फैलावर घेतलं. हाड मोडलेलं असतं, नस दबलेली असती, तर हात कायमचा गेला असता. मग त्यांनी समजावलं. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ. तिच्यावरचा हाडाचा गोळा घसरू नये म्हणून भोवती मऊ कड आणि बंध असतात. पहिल्या पडण्यातच ती कड फाटली, मग दर खेपेला बंध आणखी सैल झाले. वजन लोंबलं की स्नायू दमून ढिले पडतात आणि गोळा आपसूक आत सरकतो.

"बसवणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "टिकवायचा तर कड शिवावी लागेल."

हे मात्र मला लगेच पटलं.

तिथून व्यायामाच्या खोलीत गेलो, तर घोट्याला पट्टा बांधून, भिंत धरून, परगावी गेलेले सांधेबाबा एका पायावर उभे. व्यायाम घेणारी मुलगी त्यांना सांगत होती, "काका, सारखा मुरगळून घोट्याचे बाहेरचे बंध सैल झालेत. तोल सांभाळायची सवय रोज करा."

भावाने शांतपणे विचारलं, "बाबा, बादली नाही आणली?"

बाबांचा तोल गेला. भावानेच सावरलं, धड हाताने.

कड शिवून घेऊन, महिनोन् महिने व्यायाम करून भाऊ पुन्हा शिडीवर चढला. बाबांच्या दाराशी गर्दी आजही आहे. तुमचं कुणी त्या रांगेत असेल तर भांडू नका. सांध्याला श्रद्धा कळत नाही, एवढं सांगा. आणि एकच विचारा, पहिल्यांदाच बरा झाला होता, तर दुसऱ्यांदा का आलात?