चार घोटांचा पेला

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे. जुना म्हणजे किती, तर घरोघरी घड्याळं नव्हती तेव्हाचा. कारागिराने मला घडवायला पहिला ठोका हाणला आणि तीन गल्ल्यांतले कोंबडे पहाट झाली समजून आरवले. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. ठोकता ठोकता त्याच्याजवळचं पितळच संपलं, म्हणून मी एवढासा राहिलो. माझ्यात जेमतेम चार घोट पाणी मावतं. या घरात आलो तेव्हा आजोबांनी विचारलं, हा काय चिमणीला पाणी पाजायला आणलाय? झालं. मी वरच्या फळीवर गेलो आणि वर्षानुवर्षं धूळ खात बसलो.

या घरातली सून संगणकावर बसमार्गांचे नकाशे काढते. सासूबाई निवृत्त खेळशिक्षिका, शिट्टी अजून गळ्यात. दोघींची जोडी इमारतीच्या बॅडमिंटन स्पर्धेत अंतिम फेरीत पोहोचली. समोर वरच्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणी. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणजे हा त्यांचा शेवटचा सामना. आणि नेमका सुनेचा खांदा आखडला. रॅकेट कानाच्या वर जाईना.

"आई, तुम्ही दुसरी जोडीदार बघा," सून रडवेली होऊन म्हणाली.

"जोडीदार नाही बदलायची मी. आधी तू बसतेस कशी ते दाखव."

सून बसली. मान संगणकाच्या पडद्यात खुपसलेली, पाय लोंबकळणारे, माऊस टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला. शेजारी पाण्याची भलीमोठी बाटली, त्यामुळे सकाळी बसली की जेवायलाच उठायची. मधूनमधून उठत जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ऐकतंय कोण?

फुर्रर्र. शिट्टी वाजली. पडद्याखाली लाकडी खोका आला, पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर आली. पायांखाली पाट सरकला. माऊस कोपराजवळ ओढला गेला. मग बाटली जप्त झाली आणि मित्रांनो, सासूबाईंचा हात वरच्या फळीकडे आला. माझ्या अंगावर काटाच आला. पितळेवर काटा येतो, मी सांगतो ना.

"आजपासून यातूनच प्यायचं. संपलं की उठायचं, खांदे फिरवायचे, भरून न्यायचं."

"अहो आई, यात तर जीभसुद्धा भिजत नाही."

"म्हणूनच तर."

मग काय विचारता. चार घोट, की ऊठ. चार घोट, की ऊठ. टेबल ते माठ अशी फरशीवर पायवाट पडली, आणि एका नकाशात मी बसथांबा म्हणून उमटलो. खांदा मात्र हळूहळू सुटत गेला. रॅकेट आधी कानापर्यंत आली, मग डोक्यावर गेली.

सामन्याला मलाही नेलं. शेवटचा गुण. जुळ्यांनी शटलचं फूल उंच उडवलं, सासूबाईंच्या डोक्यावरून. गुडघे काही मागे वळेनात. "घे गं," एवढंच त्या म्हणाल्या. सून उसळली, हात सरळ आभाळात गेला, आणि फूल जाळ्यापलीकडे असं आदळलं की जुळ्यांपैकी आपण नेमकी कोणती, हे दोघींनाही थोडा वेळ आठवेना.

आता वरच्या फळीवर, माझ्या जुन्या जागी, करंडक उभा आहे. माझ्या दसपट मोठा. पण त्यातून कोणी कधी पाणी प्यायलंय? मी टेबलावर असतो, दिवसभर कामात.

मित्रांनो, मला फार जपू नका, चिंच लावून घासलंत तरी पुरे. जपायचं ते स्वतःच्या मानेला, पाठीला, खांद्यांना. माझी गोष्ट ऐकताना केव्हाचे वाकून बसला आहात तुम्ही. उठा बघू. जाता जाता मलाही भरून आणा.