तीन दारांचं कपाट

हेमलताबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीहून दिल्लीला लेकीकडे आल्या होत्या. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते आणि वॉकर धरून त्या हळूहळू चालत होत्या. लेक रेवती केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे घर लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर. जावई श्रीपाद नोएडातल्या एका आयटी कंपनीत. घरातली लहान खोली तो ऑफिससारखी वापरायचा, ती आता सासूबाईंना दिली होती. त्याच्या फाइली, वायरी, हिवाळ्यातले कोट खोक्यांत पडून होते. ते ठेवायला त्याने ऑनलाइन तीन दारांचं कपाट मागवलं. ते सुट्या फळ्यांच्या रूपात आलं, आणि कंपनीचा माणूस सोमवारी येऊन जोडून देणार होता.

शनिवारी रेवतीला ऑफिसला जावं लागलं. निघताना तिने कपाटाच्या खोक्याकडे बघणाऱ्या नवऱ्याचा बेत ओळखला.

"सोमवारपर्यंत थांब ना, यार. आणि करायचंच असेल तर आईला आधी हॉलमध्ये बसव."

"बिल्कुल," श्रीपाद म्हणाला.

पण हॉलमधला सोफा बुटका होता. सासूबाईंना उठवायचं, चालवत न्यायचं, उशा लावून बसवायचं, यात पंधरा मिनिटं गेली असती. तो त्यांना म्हणाला, "तुम्ही पडून राहा, आई. तासाभरात होईल." खोलीत जागा हवी म्हणून त्याने वॉकर बाहेर पॅसेजमध्ये ठेवला आणि पलंग आणि दार यांच्या मधल्या जागेत फळ्या मांडल्या.

सुरुवात झकास झाली. सासूबाई भिंतीला टेकून कौतुकाने बघत होत्या. श्रीपादलाही आपण काहीतरी पुरुषासारखं काम करतोय असं वाटत होतं. बाजूच्या फळ्या उभ्या राहिल्या, वरची बसली, खालची बसली. सात फुटी सांगाडा जमिनीवर आडवा पडला. त्याच्या कडा मांडीपर्यंत येत होत्या आणि आत उघडणारं दार त्याला टेकून बंदच झालं होतं. श्रीपादच्या ते लक्षात आलं, पण कपाट उभं केलं की दार उघडेलच, असं त्याने धरलं.

"श्रीपादराव," हेमलताबाई हळूच म्हणाल्या, "जरा बाहेर जायचं होतं."

"हो आई, दहा मिनिटं."

दाराची एक बिजागरी उलटी बसली होती. ती काढून पुन्हा लावेपर्यंत पाऊण तास गेला. त्यांनी परत हाक मारली. या वेळी त्याने मान वर केली नाही. ड्रिल चालू होतं. ते एक क्षण थांबवून तो काही बोलू शकला असता. पण हातातला स्क्रू नीट धरला गेला होता, आणि तो सोडायचा त्याला कंटाळा आला.

त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही.

मागचा बोर्ड ठोकून झाल्यावर श्रीपादने सगळा जोर लावून कपाट उचललं. ते अर्ध्यावर आलं आणि वरची कड पंख्याच्या पात्यात अडकली. तिरकं करून पाहिलं तर कोपरा भिंतीला लागला. त्याने ते धाडकन खाली टेकवलं आणि तोंडातून एक हिंदी शिवी गेली. लगेच ओशाळून तो सॉरी म्हणायला वळला.

हेमलताबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी चादर मांडीवर ओढून धरली होती. चादरीवरचा ओला डाग गादीच्या कडेपर्यंत गेला होता.

तो काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "माफ करा हं."

श्रीपादला खोलीतून निघून जावंसं वाटलं, आणि निघायला वाटच नव्हती.

"मी तुम्हाला उचलून पलीकडे..."

"नको," त्या पटकन म्हणाल्या. "हात नका लावू. रेवती येऊ दे."

रेवती यायला अजून दोन तास होते. त्याने मागचा बोर्ड उपटला, मग बसवलेला एकेक स्क्रू उलटा फिरवायला घेतला. पाठमोऱ्या बसलेल्या त्या बाईसमोर पंचवीस मिनिटं तो गुडघ्यांवर बसून तेच करत राहिला. दार उघडल्यावर त्याने वॉकर आणला, बाथरूममध्ये गरम पाणी काढलं, धुतलेलं पातळ दाराशी ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. नंतर चादर त्याने स्वतः धुतली. गादी उन्हाला टाकली.

"रेवतीला सांगू नका," हेमलताबाई म्हणाल्या.

"नाही सांगणार," तो म्हणाला. ते म्हणताना त्याला हायसं वाटलं, आणि ते आपल्यासाठी वाटलं हे त्याला नीट कळलं.

रेवती आली, तेव्हा गादी बाल्कनीत होती आणि फळ्या भिंतीला.

"माझ्याकडून चहा सांडला गं," आई म्हणाली.

"आई, पलंगावर चहा कशाला घेतेस? आता ही गादी वाळणार कधी?" रेवती वैतागली. श्रीपाद शेजारीच उभा होता.

कपाट सोमवारी त्या माणसाने हॉलमध्ये जोडून दिलं. त्या आठवड्यात श्रीपाद घरूनच काम करत होता. बुधवारी सासूबाईंना जेवणानंतरची गोळी द्यायला तो गेला, तेव्हा सकाळी रेवतीने भरून ठेवलेली पाण्याची बाटली तशीच काठोकाठ होती. गुरुवारीही तशीच. रेवती संध्याकाळी घरी आल्यावर मात्र त्या दोन पेले एका दमात प्यायच्या. ती नसताना उठावं लागू नये म्हणून त्या दिवसभर तहानेल्या बसत होत्या.

शुक्रवारी त्याने कॉल मध्येच सोडला आणि त्यांच्या खोलीत खुर्ची ओढून बसला.

"आई, पाणी प्या. मी वॉकर देऊन बाहेर उभा राहीन. नाहीतर दिवसा एक बाई ठेवू. तुम्ही म्हणाल तसं."

"तहान नाही हो," त्या म्हणाल्या.

"त्या दिवशी तुम्ही दोनदा हाक मारली होतीत." तो म्हणाला. "दुसऱ्यांदाही मला ऐकू आलं होतं."

हेमलताबाईंनी त्याच्याकडे बघितलं. इतके दिवस त्या त्याच्याकडे सरळ बघत नव्हत्या.

"मी समजत होते, त्या मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल," त्या म्हणाल्या. "माझाच आवाज बारीक, असं म्हणत होते मनाशी."

श्रीपाद मान खाली घालून बसला. मग त्या म्हणाल्या, "बाई बघा एखादी. मराठी नसली तरी चालेल."