चार दिवसांची आई

"तोंड बंद ठेव म्हणून सांगितलं व्हतं का न्हाई तुला?" लिफ्टचं दार लागतंय न लागतंय तोच रणजीत आईवर खेकसला.

भिकाबाईनं नातीचा दंड घट्ट धरला. पायाखालचा डबा वर चालला होता. खाली हॉटेलच्या काउंटरपाशी तिनं कोमलला एवढंच सांगितलं होतं की चप्पल काढ, फरशी आरशासारखी आहे. पण सांगितलं ते गोरमाटीत, बंजारा तांड्याच्या घरच्या बोलीत. काउंटरवरच्या माणसानं लगेच मान वर केली होती. "लंबाडा लोग है क्या? लेबर का लॉज पीछे की गली में है."

रणजीतनं मोबाइलवरचं बुकिंग त्याच्या नाकासमोर धरलं, तेव्हा खोली मिळाली. माफी मात्र त्या माणसानं मागितली नाही. त्याला दोन शब्द सुनवायची रणजीतची छाती झाली नाही. आईला सुनवायला छाती लागत नाही.

"आता चार दिवस गोरमाटी बंद," तो म्हणाला. "कोमल, तू बी ऐक. सगळ्यायनं मराठीत बोलायचं. मी बी हिला आईच म्हणणार."

"बराबर हाय," त्याची बायको मिना म्हणाली. "हिंगोलीत कॉलनीत तरी आपण काय बोलतो?"

"आई म्हंजे मी?" भिकाबाईनं विचारलं.

कोमल फिस्सकन हसली. "मग काय मी व्हय, आज्जे?"

भिकाबाईला नावांचा तोटा नव्हता. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडच्या तांड्यावर, शाळेत खिचडी शिजवण्यात तिचा जन्म गेला होता. पोरं मावशी म्हणायची, हेडमास्तर भिकाबाई म्हणायचे आणि तपासणीला आलेला साहेब 'ए बाई' म्हणायचा. ती सगळ्यांना ओ द्यायची. धुरानं डोळे गेले तरी चालतील, पण पोरगं शिकलं पाहिजे, असं तिनं ठरवलं आणि नवऱ्यामागं एकटीनं ते करून दाखवलं. त्या पोराच्या तोंडी तिचं नाव एकच होतं, गोरमाटीतली आई. याडी. ते तापात बडबडलं तेव्हाही, कॉलेजात क्लार्क होऊन पेढे घेऊन आलं तेव्हाही.

दुपारी सगळे चारमिनारला गेले. माणसाला माणूस चिकटलेलं, रिक्षांचे भोंगे, अत्तराचा आणि तळणाचा एकच वास. "आई, हात सोडू नको," रणजीत पुन्हा पुन्हा बजावत होता. बांगड्यांच्या गल्लीत मात्र त्यानंच हात सोडला, फोटो काढायला. भिकाबाई खड्यांच्या बांगड्या बघत उभी राहिली. "आओ अम्मा, देखो," दुकानदार म्हणाला. तिनं बघितलं. वळली, तर आपलं एकही माणूस नाही.

तिचा फोन खोलीत चार्जिंगला. हॉटेलचं नाव? वाचता येत नव्हतं. काचेचं दार होतं एवढंच ध्यानात, आणि या शहरात ज्याला त्याला काचेचंच दार.  शाळेच्या सहलीत ती पोरांना सांगायची, चुकलात तर जागा सोडू नका. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

उन्हं कलली. कोणी आलं नाही. घसा कोरडा पडला, पण पाणी मागायला उठावं तर जागा सुटते.

रस्ता झाडणारी एक बाई तिच्यापाशी थांबली. अंगात सरकारी जाकीट, पण कानामागून लोंबणारी चांदीची घुगरी, तांड्यावरच्या बायका घालतात तशी, भिकाबाईनं लांबूनच ओळखली.

"याडी, कांई व्हेगो?" ती बाई म्हणाली. काय झालं, माय?

भिकाबाईच्या जिभेवर सगळं आलं होतं. तिनं ते गिळलं. "काई न्हाई," ती मराठीत म्हणाली. बाईनं खांदे उडवले, खराटा पुढं ढकलला.

तेवढ्यात गर्दीतून हाक आली. "आई! ओ आई!"

कोणीतरी आपल्याकडचा दिसतोय, भिकाबाईला वाटलं. आवाज पार फाटला होता, रडवेला, ऐन लग्नात पोर हरवल्यासारखा. कुणाची माय चुकली रे बाबा, कशी चुकू दिली? तिचा जीव कळवळला. आपलं दुखणं विसरून तिनं मान उंच केली. हाक जवळ आली, भोंग्यात बुडाली, आणि लांब लांब निघून गेली.

मग मशिदीतून अजान झाली, दिवे लागले, आणि भिकाबाईचा धीर सुटला. खड्ड्यात जाऊ दे मराठी. तिनं खराटेवालीला हाक मारली आणि गोरमाटीत सगळं भडाभडा ओकली.

बाईनं कपाळावर हात मारला. "अगं, मघापासून तो माणूस बोंबलत फिरतोय तो कोण मग? निळ्या शर्टाचा. आई आई करतोय."

"त्यो माझा कसा असंल? माझा मला याडी..." भिकाबाई बोलता बोलता थांबली. सकाळी निळा शर्ट तिनंच त्याला बॅगेतून काढून दिला होता.

बाईनं तोंडाशी हात नेऊन पलीकडच्या चौकातल्या खराटेवालीला गोरमाटीत आरोळी दिली. तिनं पुढचीला. आरोळी गर्दीवरून गेली, आणि थोड्या वेळानं गर्दी फाडत रणजीत आला. शर्ट भिजलेला, डोळे लाल.

"आई! किती हाका मारल्या तुला! कान फुटले का तुहे? ओ काहून देत न्हाईस?"

"मला न्हाई मारलीस तू हाक," भिकाबाई म्हणाली.

 मिना कोमलला घेऊन मागून धापा टाकत आली. "चला ना आता, आत्या," ती म्हणाली. भिकाबाई पायरीवरून हलली नाही.

रणजीत तिच्यापुढं उकिडवा बसला. एकदा बांगडीवाल्याकडं बघितलं, एकदा मागून जाणाऱ्या लोकांकडं. मग अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाला, "याडी."

"मोठ्यानं म्हण," भिकाबाई म्हणाली. "गर्दी लई हाय."