हौसा म्हशीची बाराची हजेरी

तलवाड्याच्या अंगाला एक धाकटं धरण, आणि धरणाच्या पायाशी त्याहून धाकटं वीजघर. काठाला सगळा दगड. जनावर उतरेल अशी उतरण एकच, सटवाच्या आज्याच्या म्हशींनी खुरांनी पाडलेली. आता दावणीला राहिलेली एकटी हौसा. बारा वाजले की ती तिथं पाण्यात उभी राही, ती तीनपर्यंत.

आयती वाट दिसली म्हणून पुण्याच्या इंजिनिअरांनी पाणी मोजायचा सेन्सर नेमका तिथंच खांबाला टांगला. तो वरून खाली बघे, पाणी किती चढलं ते मिनिटामिनिटाला वीजघरातल्या कॉम्प्युटरला कळवी, आणि कॉम्प्युटर त्या मानानं झडप कमीजास्त उघडी. त्या बापड्याला म्हैस काय ठाऊक. हौसाची पाठ दिसली की त्याला वाटे, धरण हातभर चढलं. झडप सताड, जनित्र गाऊ लागे.

वैशाखात हे साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांनी उतरणीला तारेचं कुंपण घातलं. सटवानं हौसाला तारेपासून माघारी वळवलं. दुसरं पाणी दोन कोसांवर; गाभण हौसा तिथवर जाणार कशी?

पण पहिल्याच दुपारी कॉम्प्युटर घाबरला. दोन महिने बाराला चढणारं पाणी आज चढलं नाही, म्हणजे धरण फुटलं. त्यानं झडप लावून घेतली, ती तीन दिवस उघडेना. चौथ्या दिवशी वीजघराचा ऑपरेटर विश्वेश्वर सटवाच्या दारात.

"मामा, म्हैस पाठवा."

"कावून? परवा तर हाकलली तुमी."

"आता साहेबच बोलावतेत. कुंपण काढलंय. पण खाडा चालणार न्हाई. एक दिवस चुकली की पुन्ना तार."

"आन् रविवार?"

"रविवारबी."

कडूबाई चुलीपुढून म्हणाली, "आमच्या ह्यांना जल्मात नोकरी लागली न्हाई. म्हशीला लागली."

हौसानं महिनाभर इमानानं हजेरी दिली. सटवा मात्र बोटांवर तिचे दिवस मोजत होता. आणि व्हायचं तेच झालं. एका सकाळी अकराला तिनं गोठ्यात अंग टाकलं.

"आज ही हलत न्हाई," कडूबाई म्हणाली.

शेजारच्या अंजनाची म्हैस मागावी, तर ती म्हैस असून पाण्याला भ्यायची. सटवानं काळी घोंगडी उचलली, पाण्यात उतरला आणि खांबाखाली पाठीवर घोंगडी घेऊन ओणवा झाला. बाराला जनित्र गाऊ लागलं, जरा बारीक आवाजात.

विश्वेश्वर काठावर आला. "मामा, कॉम्प्युटर म्हणतोय, चार बोटं कमी हाय."

"त्याला म्हणावं, म्हैस उपाशी हाय."

"जरा वर व्हा."

सटवा वर झाला. आवाज भरला.

तीनला तो वाकलेलाच घरी आला. हौसाची वगार थरथरत्या पायांवर उभी राहू बघत होती. तिचं अंग पुसत कडूबाई गुणगुणत होती:

*हौसा उभी गं पान्यात, पानी गळ्याला लागलं*
*हिच्या पाठीच्या बळानं, गाव उजेडी जागलं*

"ही कवा येईल हजेरीला?" सटवानं विचारलं.

"बाळंतीण हाय. धा-बारा दिस तर न्हाई."

सटवानं घोंगडी पिळली आणि उन्हाकडं बघत दोरीवर टाकली. उद्या बाराच्या आत वाळायला हवी होती.